नुसता पडून असलेला नंबर

गाडी मला माझ्या नावावर घ्यायची होती. नवरा म्हणाला होता, "मी सही करतो ना सोबत, व्याज कमी लागेल." मी नको म्हटलं. शिकागोजवळच्या शॉमबर्गला आल्यापासून पहिली काही वर्षं मी डिपेंडंट होते, व्हिसावर तसं छापलेलंच होतं. नागपूरला मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. इथे मला काम करायची परवानगी नव्हती, आणि काम नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबरही नव्हता. तो नंबर नसला की ह्या देशात तुम्ही जेवता, झोपता, भांडी घासता, मूल जन्माला घालता, पण कुठे नोंदलेले नसता. लायब्ररीचं कार्डसुद्धा मला नवऱ्याच्या नावाचं विजेचं बिल दाखवून मिळालं होतं.

मग ग्रीन कार्डची फाइल पुढे सरकली, मला वर्क परमिट मिळालं आणि त्यापाठोपाठ नंबर आला. मी तो पार्किंगमध्ये गाडीत बसूनच पाठ केला. लवकरच एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी लागली. त्यानंतर दोन हिवाळे नवऱ्याच्या वेळेप्रमाणे ऑफिसला जायचं, त्याच्या वेळेप्रमाणे यायचं असं चाललं. म्हणून गाडी.

शोरूममधला मुलगा फार अदबीने बोलत होता. माझा नंबर घेऊन आत गेला, आणि परत आला तो मॅनेजरला घेऊन. मॅनेजरने काचेचं दार लावलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, तुमच्या ह्या आधीच्या क्रेडिट कार्डांचं काय करायचं ठरवलंय?"

"कुठल्या कार्डांचं? माझं एकच कार्ड आहे. त्याचं बिल मी दर महिन्याला पूर्ण भरते."

त्याने माझ्याकडे जी नजर टाकली ती मी विसरले नाही. खोटं बोलणाऱ्या माणसाकडे सवयीने बघावं तशी ती होती. माझ्या नावावर आणखी चार कार्डं निघाली. चारही पूर्ण वापरलेली, आणि त्यांतल्या तीन कार्डांचे हप्ते कित्येक महिने थकलेले.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "सिस्टिम एरर असेल यार. सेम नावाची दुसरी कोणीतरी असेल." माझं नाव, मधलं वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, ह्या सगळ्यांसकट इलिनॉयमध्ये दुसरी कोणी असेल, हे त्याला खरंच वाटत होतं की वाटून घ्यायचं होतं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मी त्यातल्या एका कार्डाच्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईने पडताळणीचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. खात्यावरचा पत्ता काय? मला माहीत नव्हता. गुप्त शब्द? माहीत नव्हता. शेवटची खरेदी कुठे केलीत?

"मी केलीच नाही, म्हणून तर फोन केलाय!"

"मॅडम, तुम्ही खातेदार आहात हे सिद्ध झाल्याशिवाय मी तुमच्याशी ह्या खात्याबद्दल बोलू शकत नाही."

म्हणजे ज्याने चोरी केली त्याला सगळी उत्तरं येत होती आणि मला एकही येत नव्हतं. त्यांच्या लेखी मी तोतया. मी फोन आपटला. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती, ती कार्टून सोडून माझ्याकडे बघायला लागली. "आई, आर यू मॅड?" म्हटलं, हो. खूप.

मग मी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट मागवला. ह्या देशात तीन मोठ्या कंपन्या प्रत्येकाची अशी कुंडली ठेवतात. कोणी किती कर्ज घेतलं, कधी फेडलं, कधी चुकवलं. कार्ड देणारे, गाडी विकणारे, घर भाड्याने देणारे, सगळे ती कुंडली विकत घेऊन बघतात. माझ्या कुंडलीत पोस्टात भाड्याने घेतलेल्या एका पेटीचा पत्ता होता, जो माझा नव्हता. आणि एक फोन नंबर होता, तोही माझा नव्हता. कोड आमच्याच भागातला होता.

मी तो फिरवला. शनिवारची सकाळ होती. बराच वेळ वाजत राहिला. मी ठेवणार तेवढ्यात कोणीतरी उचलला आणि मराठीत म्हणालं, "थांबा हो जरा, ते गिऱ्हाइकाकडे आहेत!"

तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. आमच्या काकूंचा.

काका-काकू म्हणजे रक्ताच्या नात्याचे नव्हेत, पण इथे आल्यावर नातं म्हणून जे काही मिळालं ते त्यांच्याकडून. त्यांचं इंडियन ग्रोसरीचं दुकान होतं. पहिल्या दिवशी एअरपोर्टवर आम्हाला घ्यायला काका आले होते. माझं बाळंतपण झालं तेव्हा व्हिसा न मिळाल्याने आई येऊ शकली नाही, तर डिंकाचे लाडू काकूंनी केले. काका पूर्वी अकाउंटंट होते, त्यामुळे इथल्या मराठी मंडळातल्या निम्म्या घरांचे टॅक्सही तेच भरून द्यायचे. दुकानाच्या मागच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांमध्ये टेबल टाकलेलं असायचं. तिथे बसून आम्ही सगळ्यांनी आपापले पगार, आपापले नंबर त्यांच्या पुढ्यात ठेवले होते. पैसे विचारले की म्हणायचे, "घरच्यांकडून फी घेतात का?"

"काकू, मी बोलतेय," मी म्हटलं.

"अगं बाई, तू होय! ह्या नंबरवर कसा काय फोन केलास? हा मागच्या खोलीतला फोन. हे मला उचलूच देत नाहीत. म्हणतात नुसते वसुलीवाले असतात, इंग्रजीत काहीतरी बडबडतात. बरं, बोल, कणीक आलीय ताजी, ठेवू का बाजूला?"

मी "ठेवा" म्हटलं.

फोन ठेवला. नवऱ्याला काही न सांगता, त्याच्याच गाडीची किल्ली घेऊन मी दुकानात गेले. काका गल्ल्यावर होते. मला बघून नेहमीसारखं "या, या मास्तरीणबाई" म्हणाले. मी म्हटलं, मागच्या खोलीत चला. ते लगेच उठले. का, असं त्यांनी विचारलं नाही. तिथेच मला कळलं.

आत गेल्यावर मी रिपोर्ट टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, एकेक पान उलटलं, नीट जुळवून परत ठेवलं. मला वाटलं होतं आता नाही म्हणतील, चिडतील, नाहीतर पाया पडतील. यातलं काहीच झालं नाही. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, दुकानाची परिस्थिती तुला माहीत आहे. ते मोठं स्टोअर आल्यापासून इथे कोण येतं? माझं क्रेडिट संपलं. थोड्या दिवसांचा प्रश्न होता. मी सगळं फेडणार होतो, तुला कळायच्या आत."

"माझ्या नावावर?"

"तुझ्या नवऱ्याच्या नंबरला मी हात लावला नाही हां. तो संसारी माणूस, उद्या घर घेईल, त्याला गरज पडेल. तुझा नंबर काय, नुसता पडून होता. तू थोडीच वापरत होतीस?"

आजही हे लिहिताना माझ्या कानशिलाशी शीर उडते. चोरी मी एक वेळ समजू शकले असते. माणूस बुडायला लागला की हाताला येईल ते धरतो. पण ह्या माणसाने विचार करून निवड केली होती. दोन नंबर समोर होते, एक माणसाचा आणि एक बाईचा. माणसाचा त्याने जपला. बाईचा म्हणजे अडगळीतलं भांडं, कोणीही उचलावं, त्यात काहीही शिजवावं, आणि घासून परत ठेवलं की झालं.

मी म्हटलं, "काका, तो नंबर मिळावा म्हणून मी वर्षानुवर्षं घरात बसून काढली आहेत."

ते म्हणाले, "अगं, आवाज हळू. बाहेर लोक आहेत."

त्या संध्याकाळी दोघं आमच्या घरी आले. तोवर नवऱ्याला मी सांगितलं होतं आणि तो पार हबकला होता. काकू सोफ्याच्या कडेला बसून पदराने डोळे पुसत होत्या. त्यांना त्या दिवशीच कळलं होतं. काका बोलत होते, माझ्याशी नाही, नवऱ्याशी. दुकान विकायला काढतो, चारही कार्डं सहा महिन्यांत फेडतो, शब्द देतो. नवरा मान हलवत होता. पोलिसांचा विषय मी काढला तेव्हा खोलीत सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू चोरी मीच केली होती.

ते गेल्यावर नवरा म्हणाला, "ग्रीन कार्ड तोंडावर आलंय. अशा वेळी पोलीस रिपोर्टमध्ये आपलं नाव कशाला?"

"आपलं नाही, माझं. आणि मी फिर्यादी आहे, आरोपी नाही."

"ते आपल्याला माहीत आहे. इमिग्रेशनवाल्यांना कोण समजावणार? आणि काकांनी शब्द दिलाय ना. त्यांनी आपल्यासाठी किती केलंय."

"तुझा नंबर असता तर?"

तो उठून चहाचे कप गोळा करायला लागला. त्या न दिलेल्या उत्तराचा राग मला काकांच्या चोरीपेक्षा जास्त काळ पुरला.

मला निदान दार तरी बंद करायचं होतं. मी वाचायला लागले. त्या तीन कंपन्यांना कळवलं की त्या तुमच्या फाइलवर तात्पुरता इशारा लावतात. नवीन कर्ज देण्याआधी ह्या बाईला फोन करून विचारा, एवढंच. तो काही महिन्यांनी आपोआप उतरतो. खरं कुलूप वेगळं होतं. ते लावलं की तुमची कुंडली नव्या कोणालाही दिसतच नाही आणि नवीन कर्ज मिळूच शकत नाही. उघडायला एक पिन लागते, ती फक्त तुमच्याकडे. पण आमच्या राज्यात तेव्हा ते कुलूप सरसकट कोणालाही मिळत नव्हतं. ज्याची ओळख चोरीला गेली आहे त्यालाच, आणि तेही पोलीस रिपोर्टची प्रत जोडली तरच.

हे वाचून मी चक्रावलेच. घरात चोर शिरल्याचा दाखला आणा, मग कडी मिळेल. आणि ह्या कंपन्यांना माझी माहिती गोळा करायला मी कधी सांगितलं होतं? मला न विचारता माझी कुंडली मांडायची, मला न विचारता विकायची, चोराने खोटी माहिती भरली तर तीही खरी मानून विकायची. आणि मी "विकू नका" म्हटलं की पुरावा द्यायचा मी, पत्रं लिहायची मी, पोस्टाच्या रांगेत उभं राहायचं मी.

तरी नवऱ्यासाठी म्हणून मी त्या आठवड्यात फक्त इशारा लावला. काकांना एक संधी द्यायची असं ठरलं.

पुढच्याच आठवड्यात ऑफिसात माझा फोन वाजला. एका दुकानाच्या कार्डविभागातून कोणी बाई बोलत होती. "तुमच्या फाइलवर इशारा आहे म्हणून विचारते. आमच्या कार्डासाठी आपणच अर्ज केला आहे ना?"

मी म्हटलं, "पत्ता काय लिहिलाय?"

पोस्टाची तीच पेटी.

काकांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "तो अर्ज मी आधीच टाकला होता गं. आपलं बोलणं व्हायच्या आधी." खरं असेल. खोटं असेल. मला ते तपासण्यात रसच उरला नव्हता. मी मॅनेजरला सांगून अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि नवऱ्याला फोन केला, "मी टॅक्सी करून पोलिसांकडे जातेय." तो म्हणाला, "टॅक्सी नको. मी येतो."

तो आला, पण आत आला नाही. गाडीत बसून राहिला. मी एकटी गेले.

आतला अधिकारी उतारवयाचा होता, अर्धी कॉफी पिऊन झालेली. त्याने शांतपणे सगळं टाइप करून घेतलं. मग विचारलं, "हे कोणी केलं असेल, काही अंदाज?"

डिंकाचे लाडू आठवले, खोटं कशाला बोलू. एअरपोर्टवर थंडीत कुडकुडणाऱ्या मला स्वतःचा कोट देणारे काकाही आठवले. पण त्यापाठोपाठ "नुसता पडून होता" हेही ऐकू आलं. मी नाव सांगितलं. स्पेलिंगसकट.

रिपोर्टच्या प्रती जोडून तिन्ही कंपन्यांना रजिस्टर पत्रं पाठवली. पोस्टात नवरा माझ्याबरोबर रांगेत उभा राहिला, पाकिटं त्याने हातात धरली. पुढे तिन्हीकडून एकेक करून पिन आल्या. एका कंपनीने आधी पत्र परत पाठवलं होतं: पत्ता त्यांच्याकडच्या नोंदीशी जुळत नाही. कसा जुळणार? त्यांच्या नोंदीत चोराचा पत्ता होता! मी घरभाड्याचा करार, पगाराची स्लिप आणि असं एक पत्र पाठवलं, की त्यातल्या इंग्रजीचा माझ्या नागपूरच्या प्रिन्सिपॉलना अभिमान वाटला असता. त्यानंतर कुलूप लागलं.

मंडळात बातमी पसरायला वेळ लागला नाही. गणपतीच्या वर्गणीसाठी दरवर्षी फोन यायचा, त्या वर्षी आला नाही. मंडळातल्या सगळ्यात थोरल्या मावशींचा मात्र आला. म्हणाल्या, "आपल्या माणसाला परक्यांच्या पोलिसात दिलंस. घरात मिटवता आलं असतं."

"मावशी, तुमचे टॅक्स कोण करतं?"

"ते काय आता मध्येच?"

"स्वतःचा रिपोर्ट मागवून बघा. मग मला फोन करा."

त्यांनी पुन्हा फोन केला नाही. रिपोर्ट मागवला की नाही, मला कळलं नाही. पण दुसऱ्या वर्षीपासून बऱ्याच घरांचे टॅक्स दुसरीकडे जायला लागले. माझ्या तोंडावर मात्र कोणी एका शब्दाने तसं म्हटलं नाही.

काकांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. तुरुंग टळला, पैसे फेडायचे आणि काही वर्षं देखरेखीखाली राहायचं असं ठरलं. दुकान गेलं. दोघं जॉर्जियात, अल्फारेटाला मुलीकडे राहायला गेले. माझ्या कुंडलीतून ती चार कार्डं निघायला वर्षाच्या वर काळ लागला, एक काढलं की दुसरं परत उगवायचं. ग्रीन कार्ड आलं, पोलीस रिपोर्टने त्याचं काही वाकडं झालं नाही. ते पाकीट उघडताना नवरा म्हणाला, "तू बरोबर होतीस." मी म्हटलं, "तेव्हा म्हणायचं होतंस." मग गाडीही घेतली, माझ्या एकटीच्या नावावर. सही करायच्या आधी पिन वापरून कुलूप उघडावं लागलं, तीन दिवस थांबावं लागलं. सेल्समन कुरकुरला, ऑफर संपेल, हप्ता वाढेल म्हणाला. म्हटलं, मला घाई नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, एका दुपारी घरचा फोन वाजला. जॉर्जियाचा कोड. उचलला तर काकू. इतक्या हळू बोलत होत्या की मला टीव्ही बंद करावा लागला.

"ठेवू नकोस गं. एकच विचारायचं होतं. ते कुलूप कसं लावतात?"

"कशाला, काकू?"

त्या म्हणाल्या, "मी इथे शाळेच्या कॅंटीनमध्ये लागलेय ना. पगार होतो. बँकेत गेले तर म्हणाले, तुमच्या नावावर बरंच काही आहे. तुझ्याही आधीपासूनचं. मला काय माहीत? ह्यांनी सांगितलं तिथे मी सही करायचे."

मला वाटलं होतं काकूंचा आवाज ऐकून माझा राग थोडा निवळेल. तो उलट भडकला. लाडू वळणाऱ्या, गल्ला सांभाळणाऱ्या, आयुष्यभर त्या माणसासाठी फोन न उचलणाऱ्या ह्या बाईचा नंबरही त्याच्या लेखी पडूनच होता. आणि तिचा नंबर वापरून संपला, म्हणून तो माझ्याकडे वळला होता.

मी सगळं सांगितलं. आता पोलीस रिपोर्ट लागत नाही, कोणालाही कुलूप लावता येतं. तिन्ही कंपन्यांना वेगवेगळी पत्रं, ओळखपत्राची प्रत, फी. त्या लिहून घेत होत्या, मध्ये मध्ये "थांब, थांब" म्हणत होत्या.

"ह्यांना कळेल का?"

"तुम्ही सांगितलं नाहीत तर नाही. पिन घरच्या पत्त्यावर येतील, पेटी तुम्हीच उघडा. आणि कुठे तरी नीट ठेवा, त्यांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी."

"ह्या घरात अशी जागा नाही गं."

"मग पाठ करा आणि कागद फाडून टाका."

"पाठ करीन," काकू म्हणाल्या. "मला अजून तिसापर्यंत पाढे येतात."

मग त्यांनी मुलीची चौकशी केली, शिकागोत बर्फ पडलं का विचारलं, आणि दार वाजलं तसा घाईघाईने फोन ठेवला.